स्वातंत्र्य आणि उदारमतवाद : संकल्पनेचा इतिहास

माणसाचं स्वातंत्र्य आधी, आणि सत्तेला त्यात हात घालायचा असेल तर कारण सत्तेनं द्यायचं, असं मानणारी विचारधारा म्हणजे उदारमतवाद किंवा लिबरलिझम. पण ती सुरू कुठून झाली यावर एकमत नाही, कारण स्वातंत्र्याची कल्पना खूप जुनी आणि उदारमतवाद हे नाव त्यामानानं अगदी अलीकडचं.

लॅटिनमध्ये लिबर म्हणजे जो गुलाम नाही तो. त्यावरून लिबरालिटास, म्हणजे अशा माणसाला शोभणारा दिलदारपणा, रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनं त्यावर बरंच लिहिलंय. म्हणजे कित्येक शतकं लिबरल असणं हा स्वभावाचा गुण होता, पक्ष किंवा थिअरी नव्हे, आणि आपल्या 'उदार' या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. राजकीय गटाचं नाव म्हणून शब्द ठळकपणे दिसतो तो स्पेनमध्ये, साधारण १८१० ते १८१२ दरम्यान, कादिझ इथल्या कोर्तेसमध्ये म्हणजे प्रतिनिधी सभेत. तिथे राजाची सत्ता घटनेनं बांधायला निघालेले ते लिबेरालेस आणि विरोधातले सर्व्हिलेस म्हणजे दासवृत्तीचे, म्हणजे गुलाम आणि मोकळा ही जुनी जोडी इथेही सुटलेली नाही. काही अभ्यासक शब्दाचा राजकीय वापर याआधीच्या स्कॉटिश लेखनात शोधतात, ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये 'लिबरल' योजनेबद्दल लिहिलंच होतं, पण ते धोरणाचं विशेषण झालं, गटाचं नाव नाही.

मग सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याला उदारमतवादाचा जनक का म्हणतात? त्याचे शासनावरचे दोन प्रबंध १६८९ मध्ये निनावी आले, मुखपृष्ठावर साल मात्र १६९०, आणि बरीच वर्षं असं धरलं जायचं की १६८८ ची इंग्लंडमधली, राजा जेम्स दुसरा याला हटवणारी क्रांती झाल्यावर तिचं समर्थन म्हणून ते लिहिले. इतिहासकार पीटर लॅस्लेटनं या प्रबंधांच्या १९६० च्या आवृत्तीत दाखवलं की बराचसा मजकूर क्रांतीच्या कितीतरी आधीचा, १६८० च्या आसपासचा असावा. नेमक्या वर्षावर वाद आहे पण 'आधीचा' हे आता बहुतेकांना मान्य आहे, आणि त्यानं सगळा अर्थच बदलतो, कारण मग ते झालेल्या गोष्टीचं समर्थन राहत नाही, राजाविरुद्ध उठण्याचा हक्क जिवावर उदार होऊन मांडणं ठरतं. तरी लॉकनं स्वतःला कधी लिबरल म्हटलं नाही. राजकीय विचारांचे अभ्यासक डंकन बेल यांच्या मते त्याला उदारमतवादाचा मूळपुरुष ठरवलं ते मुख्यतः विसाव्या शतकात, आणि हे मत जास्त पटणारं आहे.

स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय, हा वाद त्याहून जुना. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जनं १६५१ मध्ये म्हटलं की बाहेरचा अडथळा नसणं म्हणजे स्वातंत्र्य, एवढंच. इटलीतल्या लुक्का या प्रजासत्ताक शहराच्या बुरुजांवर मोठ्या अक्षरात 'लिबेर्तास' म्हणजे स्वातंत्र्य असं लिहिलंय म्हणून तिथला माणूस सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या माणसापेक्षा जास्त मोकळा होत नाही, कारण राज्याची चाकरी दोघांनाही चुकलेली नाही. इंग्रज प्रजासत्ताकवादी लेखक जेम्स हॅरिंग्टननं १६५६ मध्ये याला उत्तर दिलं: कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्यात मोठ्या पाशाचं म्हणजे सरदाराचं डोकंसुद्धा सुलतानाच्या मर्जीवर धडावर असतं, लुक्काच्या साध्या माणसाचं तसं नाही, तो कायद्याशिवाय कुणाला बांधलेला नाही. इतिहासकार क्वेंटिन स्किनर याच धाग्याला नव-रोमन म्हणतात. रोमन कायद्यात धनी कितीही भला असला, गुलामाला कधी हातही लावत नसला तरी गुलाम तो गुलामच, कारण तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. स्किनर यांच्या मते पुढच्या उदारमतवादानं हॉब्जची व्याख्या उचलली आणि हा मुद्दा हरवला. लॉकला मात्र या चौकटीत बसवणं अवघड आहे, मनमानी सत्तेखाली असणं हीच गुलामी असं तोही म्हणतो.

१८१९ मध्ये फ्रेंच विचारवंत बेंजामाँ कॉन्स्टाँनं पॅरिसच्या व्याख्यानात प्राचीनांचं स्वातंत्र्य म्हणजे राज्यकारभारात वाटा आणि आधुनिकांचं म्हणजे खाजगी आयुष्याची मोकळीक, असा फरक केला. १९५८ मध्ये तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी नकारात्मक स्वातंत्र्य, म्हणजे कुणी आड न येणं, आणि सकारात्मक स्वातंत्र्य, म्हणजे आपला धनी आपणच असणं, अशी विभागणी केली ती बरीचशी याच्याजवळ जाते, पण दोन्ही एकच नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये नियम मांडला की दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसावर बळजबरी करता येते. हाच मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि ज्यांना तो मागास समजायचा त्या समाजांना त्यानं हा नियम लागूच केला नाही. ही तळटीप नाही, सिद्धांताची सीमाच आहे, ती लपवून मिल शिकवू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीननं म्हटलं की उपाशी कामगाराचा करार नावापुरताच मोकळा असतो, त्यामुळे राज्यानं मध्ये पडावं. इथून उदारमतवादाच्या दोन वाटा झाल्या, कल्याणकारी राज्याची आणि पुढे अर्थतज्ज्ञ हायेक यांची बाजारवादी. १९७१ मध्ये जॉन रॉल्स यांनी न्याय्य वाटपाच्या बाजूनं आणि १९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक यांनी कमीत कमी राज्याच्या बाजूनं हाच वाद नव्यानं मांडला. १९९७ मध्ये तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी मात्र हॅरिंग्टनचा पाशा पुन्हा चर्चेत आणला: नवरा प्रेमळ आहे म्हणून मारत नाही, पण मारलं तरी कायदा त्याला अडवणार नाही, अशा घरातली बायको स्वतंत्र आहे का?