लिबरल माणूस धर्मापासून सुट्टीच्या दिवसापर्यंत मत का देतो?

लिबरल, म्हणजे उदारमतवादी, म्हणवणाऱ्या माणसाची मतं एकत्र मांडली की पहिल्यांदा नुसता पसारा दिसतो. तो निवडणुकांवर तावातावाने बोलतो, ईशनिंदेच्या कायद्याला विरोध करतो, आणि त्याच दमात कुणी काय प्यावं, काय नेसावं, सुट्टीचा दिवस कसा घालवावा यात सरकारने नाक खुपसू नये असंही म्हणतो. राजकारण, धर्म आणि रोजचं जगणं यांची मोट बांधली कुणी, असं बरेच जण विचारतात. हे तिन्ही विषय एकाच जुन्या भांडणातून निघाले आहेत, आणि ते भांडण धर्मावरून पेटलं होतं.

१५५५ साली ऑग्सबर्गच्या तहाने जर्मन संस्थानांपुरता नियम घालून दिला: राजाचा जो पंथ, तोच प्रजेचा. ज्याला पटत नसेल त्याने घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावं. त्या काळी हीच मोठी सवलत मानली गेली, कारण दोनच वर्षांपूर्वी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या वैद्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक पंथाने त्याला आधीच दोषी ठरवलं होतं, जाळलं मात्र विरोधी प्रोटेस्टंट पंथाने. त्यावर सेबॅस्टियन कॅस्टेलिओ या विद्वानाने लिहिलं, की माणसाला मारल्याने सिद्धांताचं रक्षण होत नाही, फक्त एक माणूस मारला जातो. हा मजकूर छापून यायला १६१२ साल उजाडलं, तोवर कॅस्टेलिओला जाऊन जवळपास अर्धशतक लोटलं होतं. उदारमतवादाचा उगम शोधताना लोक संसदेपाशी आणि बाजारपेठेपाशी थांबतात. मला तो या वाक्यात दिसतो.

फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना थोडी मोकळीक मिळाली होती. १६८५ साली चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केलं आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. त्याच सुमारास जॉन लॉक हा इंग्लिश तत्त्वज्ञ हॉलंडमध्ये लपूनछपून राहत होता. सहिष्णुतेवरचं त्याचं प्रसिद्ध पत्र त्या हिवाळ्यातलं, छापलं गेलं १६८९ मध्ये. त्याचा मुद्दा साधा होता: सरकारच्या हातात दंडुका असतो, आणि दंडुक्याने श्रद्धा उत्पन्न होत नाही. माणूस फार तर खोटं बोलायला शिकतो. पण लॉकची सहिष्णुता सगळ्यांना पुरली नाही. नास्तिकांना त्याने सरळ वगळलं, आणि परकीय सत्तेशी निष्ठा असलेल्या पंथांना, म्हणजे व्यवहारात कॅथलिकांना, वगळायची वाट मोकळी ठेवली. पुढचा बराचसा इतिहास अशा वगळलेल्यांनी दार ठोठावण्याचा आहे.

रोजच्या सवयींवर सत्तेचा डोळा असतो, हेही तेव्हाच दिसायला लागलं. २९ डिसेंबर १६७५ रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने जाहीरनामा काढला, की १० जानेवारीपासून सगळी कॉफीगृहं बंद. कारण तिथे रिकामटेकडे लोक जमतात आणि राजाच्या सरकारची बदनामी करणाऱ्या अफवा उठवतात. लोकांनी इतकी ओरड केली की मुदत भरायच्या आत राजाला माघार घ्यावी लागली. कॉफी पिणाऱ्यांना आपण स्वातंत्र्याची लढाई लढतो आहोत असं वाटलंही नसेल. पण मित्रांबरोबर बसून बोलण्याची जागा राखणं आणि राज्यकर्त्याला नावं ठेवण्याचा हक्क राखणं, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढता आल्या नसत्या.

पुढच्या शतकात तुलूझमध्ये झां कालास नावाच्या प्रोटेस्टंट कापडव्यापाऱ्याचा मुलगा घरात मृतावस्थेत सापडला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारलं, अशी आवई उठली, आणि १० मार्च १७६२ रोजी म्हाताऱ्याला चाकावर हाडं मोडून ठार केलं. व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाने हे प्रकरण हाती घेऊन युरोपभर गाजवलं. १७६५ च्या मार्चमध्ये कालास निर्दोष ठरला, तीन वर्षं उशिरा. अनोळखी माणसाच्या खटल्यासाठी लेखकाने लेखणी झिजवायची ही परंपरा इथून ठळक झाली.

लिबरल हे नाव राजकारणात रुळलं ते स्पेनच्या कादीझ शहरात, १८१० नंतर, नेपोलियनच्या वेढ्यात भरलेल्या सभेतून. या मंडळींनी छापखान्याला मोकळीक दिली, इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय, मोडीत काढलं. पण त्यांच्याच १८१२ च्या राज्यघटनेतल्या बाराव्या कलमाने कॅथलिक धर्म हाच एकमेव खरा ठरवून इतर उपासनांना बंदी घातली!

आता १८५७ कडे येऊ. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात थॉमस पूली नावाचा विहिरी खणणारा मजूर होता. त्याने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माबद्दल काही अपमानास्पद शब्द लिहिले. त्याबद्दल न्यायालयाने त्याला एकवीस महिन्यांची कैद ठोठावली. काही महिन्यांत माफी मिळाली, पण शिक्षा झाली ती झालीच. १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश विचारवंताचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं, त्यात पूलीचं हे प्रकरण नोंदवलेलं आहे. त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या दारूबंदीवर टीका आहे आणि रविवारी आगगाड्या व संग्रहालयं बंद ठेवू पाहणाऱ्यांचाही समाचार आहे. मिलची कसोटी एकच होती: दुसऱ्याला इजा होत असेल तर अडवा, माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करू नका. फाटकावरचे शब्द, दारूचा पेला आणि रविवारची सहल अशी एका रांगेत आली. या विचारात त्याची पत्नी हॅरिएट टेलर हिचा मोठा वाटा होता, आणि तो त्याने स्वतः उघडपणे मान्य केला आहे.

हाच मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. ‘मागासलेल्या’ समाजांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही, असं त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलं. लॉकने नास्तिकाला दाराबाहेर ठेवलं, मिलने आपल्यासारख्या कोट्यवधी माणसांना. मला मिल जवळचा वाटतो, म्हणूनच हे वाचताना जास्त टोचतं. त्याचा युक्तिवाद मात्र त्याच्या पूर्वग्रहापेक्षा मोठा ठरला. ज्यांना त्याने वगळलं त्यांनीच तो पुढे साम्राज्याविरुद्ध वापरला.

अर्थकारणात लिबरलांची वाट फुटली ती १९०० च्या आसपास. उपाशी माणसाच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, असं म्हणणाऱ्या नव्या पिढीने ब्रिटनमध्ये १९०८ साली वृद्धांचं पेन्शन आणि १९११ साली राष्ट्रीय विमा आणला. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लिबरल म्हणजे कल्याणकारी सरकारचा समर्थक असा अर्थ रूढ झाला, युरोपात अनेक ठिकाणी आजही तो मुक्त बाजाराचा समर्थक असतो. आजच्या चर्चेत लोक एकमेकांच्या डोक्यावरून बोलतात त्याचं एक कारण हे.

खासगी आयुष्याच्या बाबतीत महत्त्वाचं वळण ब्रिटनमधल्या वुल्फेंडन समितीच्या १९५७ च्या अहवालाचं. दोन प्रौढ पुरुषांनी राजीखुशीने खासगीत ठेवलेले संबंध गुन्हा मानू नयेत, खासगी नीतीचा काही भाग कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला पाहिजे, असं समितीने ब्रिटिश सरकारला सांगितलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलायला १९६७ उजाडलं. या दहा वर्षांत किती जणांची नोकरी, घर, अब्रू गेली असेल, या विचाराने आजही संताप येतो.

ज्या ईशनिंदेच्या गुन्ह्याखाली पूली तुरुंगात गेला, तो इंग्लंडने २००८ मध्ये रद्द केला. डेन्मार्कने स्वतःचा तसा कायदा २०१७ मध्ये काढून टाकला. मग तिथे कुराण जाळण्याचे प्रकार घडले, देशाच्या सुरक्षेची चिंता वाढली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांची जाहीर विटंबना हा गुन्हा ठरवणारा नवा कायदा संमत झाला, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह. या कायद्यावर लिबरलांतच दोन तट आहेत. शेजाऱ्याला हिणवण्यासाठी त्याचा पवित्र ग्रंथ जाळणं मला किळसवाणं वाटतं आणि तसं करणाऱ्याशी मी संबंध ठेवणार नाही. पण त्याला तुरुंगात घालायला माझा विरोध आहे, कारण असे कायदे पुढे बहुतेक वेळा पूलीसारख्याच एकट्यादुकट्या माणसावर चालवले जातात. त्यातून कोणत्याही धर्माच्या सामान्य भाविकाला, डेन्मार्कमधल्या मुसलमानालाही, संरक्षण मिळेल असं मला वाटत नाही.