पॉइंटिंग-दोष, रेडिओ दुर्बिणीतील

रेडिओ दुर्बिणीला दिलेली दिशा आणि तिची शलाका (आकाशातील ज्या अरुंद पट्ट्यातून ती लहरी टिपते तो शंकू) प्रत्यक्षात जिकडे रोखलेली असते ती दिशा, यांतील कोनीय फरक. तो दिगंश (क्षितिजालगतचा दिशाकोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) अशा दोन घटकांत मांडतात. शलाकेच्या अर्धशक्ती-रुंदीच्या (ग्रहणशक्ती निम्मी होते त्या दोन कडांमधील कोनाच्या) एक दशांशाहून तो कमी असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या अँटेना-समूहातील ४५ मी. व्यासाच्या अँटेनांची शलाका १,४०० मेगाहर्ट्झला सुमारे २४ कला (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), तर १५० मेगाहर्ट्झला सुमारे १८६ कला रुंद असते. साहजिकच दोन-अडीच कलांचा दोष खालच्या पट्ट्यात जाणवतही नाही. वरच्या पट्ट्यात तो मर्यादेला टेकतो. एवढ्या दोषाने शलाकेच्या मध्यावरील स्रोताची शक्ती जेमतेम ३ टक्के घटते. पण अर्धशक्तीच्या कडेवरील स्रोताच्या मापनात पाव भागाहून अधिक फरक पडतो. दंडक पुरेसा आहे की नाही, हे म्हणूनच निरीक्षणाच्या हेतूवर ठरते.

दोषांची सूत्ररूप मांडणी प्रथम कोणी केली याविषयी एकमत नाही. सामान्यतः तिचे श्रेय पेटर श्टुम्फ यांना दिले जाते. जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील १०० मी. दुर्बिणीच्या उभारणीच्या काळात, १९७२ च्या सुमारास, त्यांनी रेडिओ दुर्बिणींसाठी पॉइंटिंगचा सिद्धांत मांडला. त्याआधी, १९६८ मध्ये, अमेरिकेतील हेस्टॅक येथील ३७ मी. अँटेनाच्या पॉइंटिंगचे अंशशोधन मीक्स, बॉल व हल यांनी प्रसिद्ध केले होते. ही अँटेना घुमटाच्या आच्छादनाखाली असल्याने वारा व ऊन यांचा त्रास कमी आणि भूमितीय दोष वेगळे काढणे त्या मानाने सोपे. मात्र या सूत्रांतील भूमितीय पदे आणखी जुनी आहेत. याम्योत्तर दुर्बिणीचा (केवळ उत्तर-दक्षिण वर्तुळात फिरणाऱ्या दुर्बिणीचा) अक्ष-कल, दिगंश-दोष व समरेखन-दोष (रोखाची रेषा फिरण्याच्या अक्षाशी काटकोनात नसणे) एकत्र आणणारे सूत्र १८ व्या शतकात टोबिआस मायर यांच्या नावे रूढ झाले. रेडिओ दुर्बिणींसाठी त्यात गुरुत्वाकर्षणाने येणाऱ्या झुकावाचे पद जोडावे लागले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

निदानासाठी स्थान अचूक माहीत असलेले, तीव्र व शलाकेच्या मानाने लहान स्रोत निवडतात. स्रोतावरून दिगंश व उन्नतांश या दोन्ही दिशांत शलाका फिरवून मिळालेल्या वक्राचे शिखर अपेक्षित जागेपासून किती सरकले, ते मोजतात. जीएमआरटीसारख्या अँटेना-समूहात काही अँटेना स्रोतावर स्थिर ठेवून उरलेल्या हलवता येतात. मात्र सहसंबंधाचा (दोन अँटेनांचे संकेत एकत्र गुणून मिळणाऱ्या मापाचा) आयाम हा दोन्हींच्या व्होल्टेज-आकृत्यांचा (दिशेनुसार बदलणाऱ्या व्होल्टेज-प्रतिसादांचा) गुणाकार असल्याने एकच बाजू हलवली, तर मिळणारा वक्र शक्ती-शलाकेपेक्षा सुमारे १.४ पट रुंद दिसतो. हे विसरल्यास शलाकेची रुंदी चुकीची नोंदली जाते. शिखराची जागा मात्र तीच राहते.

मोजलेल्या फरकांचा आकाशातील दिशेनुसार आराखडा पाहून कारण ओळखतात. दिगंशातील फरकाला उन्नतांशाच्या कोज्येने गुणून तो आधी आकाशावरील खऱ्या कोनात आणावा लागतो. त्यानंतर समरेखन-दोष सर्व उन्नतांशांवर सारखा राहतो, दिगंश-एन्कोडरचा (अक्षाचा कोन मोजणाऱ्या उपकरणाचा) शून्यदोष वर जाताना घटतो आणि दोन अक्ष परस्परांना काटकोनात नसल्याचा दोष वाढतो. ठरावीक उंचीवरच्या स्रोतांवर विसंबल्यास ही तीन पदे एकमेकांत मिसळतात आणि लघुतम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवून) काढलेले पदांचे सहगुणक फसवे ठरतात. उभ्या अक्षाचा कल दिगंशाबरोबर एका आवर्तनाच्या लाटेसारखा उमटतो. फीड (तबकडीच्या नाभीवरील लहरी टिपणारा भाग) केंद्रापासून सरकलेला असेल, तर तो समरेखन-दोषासारखाच दिसतो. म्हणून फीड बदलल्यावर ते पद पुन्हा मोजणे श्रेयस्कर.

वातावरणीय प्रणमनाने (हवेत लहरी वाकल्याने) स्रोत वर उचललेला दिसतो. ४५ अंश उन्नतांशावर हा परिणाम सुमारे १ कला, तर १७ अंशांवर, म्हणजे जीएमआरटीच्या खालच्या मर्यादेवर, ३ कलांहून अधिक असतो. बाष्पानुसार तो बदलतो.

यंत्राला दोष देण्यापूर्वी घड्याळ व सहनिर्देशक तपासण्याचा प्रघात आहे. वेळेत ४ सेकंदांची चूक विषुववृत्तालगतच्या स्रोतासाठी १ कलेची ठरते. २००० सालच्या संदर्भाचे सहनिर्देशक २५ वर्षांनी परांचन-सुधारणेविना (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवंडण्याचा परिणाम न धरता) वापरले, तर क्रांतिवृत्तालगत सुमारे २१ कलांची तफावत येते, म्हणजे १,४०० मेगाहर्ट्झला जवळपास अख्खी शलाका.

सहगुणक निश्चित झाले की नियंत्रण-प्रणाली प्रत्येक आदेशात ते मिळवते. उरलेल्या दोषासाठी लक्ष्याजवळच्या ज्ञात स्रोतावर अधूनमधून रोख तपासून तेवढाच फरक पुढे लावतात. उच्च वारंवारतेच्या निरीक्षणांत ही पद्धत सर्रास वापरली जाते. उन्हाने एका बाजूस तापलेला सांगाडा आणि वाऱ्याचा दाब यांमुळे येणारे दोष क्षणोक्षणी बदलतात व स्थिर सूत्रात बसत नाहीत. ग्रीन बँक येथील १०० मी. दुर्बिणीवर त्यासाठी सांगाड्यावर तापमान-संवेदक बसवलेले आहेत.

ऊटी येथील ५३० मी. लांबीच्या दुर्बिणीत उत्तर-दक्षिण रोख द्विध्रुवांमधील (छोट्या दांडी-अँटेनांमधील) फेज, म्हणजे लहरींची कला-स्थिती, बदलून साधतात. त्या दिशेतील दोष विद्युत स्वरूपाचे असल्याने वरील सूत्रे त्यांना लागू होत नाहीत.