टप कापडाचा, शीळ फटीची

जुन्या कापडी टपाची गाडी ताशी 80 किलोमीटरच्या पुढे गेली की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो, आणि सगळा ठपका कापडावर येतो. कापड अगदीच निर्दोष नाही. पातळ, हलका थर बाहेरची घरघर पत्र्याइतकी अडवू शकत नाही. पण कानाशी येणारी बारीक शीळ किंवा फुसफुस ही बहुतेक वेळा कापडाची नसते. ती टप आणि काच जिथे भेटतात तिथल्या सांध्यातून येते.

सुरुवातीला हा सांधाच नव्हता. 1920च्या आसपास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारी उघड्याच असत. बंद गाड्या स्वस्त झाल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस प्रमाण पार उलटं झालं. उघड्या गाडीचा टप पावसापुरता चढवायचा आणि बाजूंना सेल्युलॉइडच्या खिडक्या असलेले पडदे बटणांनी अडकवायचे, एवढीच सोय होती. फटी सगळीकडेच, त्यामुळे एखाद्या फटीबद्दल कुणी तक्रार करत नसे. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांनी ही परंपरा बरीच लांबवली. 1955 ते 1962 या काळात बनलेल्या एमजीए रोडस्टरलाही (दोन आसनी उघड्या गाडीलाही) दारावर बसवायचे सुटे पडदेच होते. हँडलने वरखाली होणाऱ्या काचा 1961च्या ट्रायम्फ टीआर4मध्ये आणि 1962च्या एमजीबीमध्ये आल्या.

काचा आल्या आणि खरी अडचण सुरू झाली. बंद गाडीत काच दाराच्या चौकटीतल्या खाचेत सरकते, दोन्ही बाजूंनी धरलेली असते. कापडी टपाच्या गाडीत वरची चौकटच नसते. काचेची वरची कड टपाच्या रबरावर नुसती टेकते. शिवाय टप घडी होणारा, म्हणून ते रबरही अखंड ठेवता येत नाही. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर एक तुकडा, बाजूच्या दांड्यांवर बिजागरीगणिक वेगळा तुकडा. जिथे दोन तुकडे भिडतात तिथे वाऱ्याला वाट मिळते.

त्यात हवेचा दाबही विरोधात जातो. टपाच्या कमानीवरून आणि बाजूच्या काचांवरून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब आतल्यापेक्षा कमी होतो. कापड वर फुगतं, ताण सैल असेल तर खालच्या आधाराच्या कमानींवर फडफडतं, आणि काचेची मोकळी कड बाहेर ओढली जाते, म्हणजे रबरापासून दूर. वेग जितका जास्त, तितकी फट मोठी. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की जवळपास 18 डेसिबलची भर पडते. गावातल्या वेगात गुपचूप बसलेलं सील (फट बुजवणारं रबर) महामार्गावर का शिट्ट्या मारतं, ते यातून कळतं.

जर्मन कारखान्यांनी जाड टपाचा मार्ग धरला. ओस्नाब्रुक शहरातल्या कारमान या गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कंपनीने 1949पासून 1980पर्यंत बांधलेल्या फोक्सवॅगन बीटल कॅब्रिओलेटच्या, म्हणजे घडीच्या टपाच्या बीटलच्या, टपात बाहेरचं आवरण, मध्ये भराव आणि आत वेगळं अस्तर असे थर होते, मागची खिडकी काचेची होती. घडी केल्यावर हा टप गाठोड्यासारखा मागे उभा राहायचा, मागचं नीट दिसायचं नाही; पण चढवल्यावर गाडी बंद गाडीच्या जवळ जायची. 1989च्या माझदा एमएक्स-5ने नेमकं उलट केलं: एकेरी व्हिनाइल, प्लास्टिकची मागची खिडकी, एका हाताने मागे टाकता येईल इतकं हलकं. तिच्या आवाजाबद्दल कुरकुरणाऱ्यांनी हा सौदा लक्षात घ्यावा.

रबराचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. नैसर्गिक रबर ओझोन आणि उन्हाने तडकतं. 1930च्या दशकात निओप्रीन हे कृत्रिम रबर आलं आणि 1960च्या दशकापासून ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर. हवामान सोसण्यात ईपीडीएम फार सरस, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की तेही चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. म्हणूनच जुनं सील फसवतं: ना चीर, ना तडा, हाताला मऊ, तरी काचेवर दाब शून्य. त्यावर पेट्रोलियमचं ग्रीस चोपडलं तर ते फुगून बिघडतं. सिलिकॉनचं ग्रीस चालतं.

पुढे काही उत्पादकांनी दार उघडताच काच किंचित खाली उतरून बंद होताना वर खाचेत शिरेल अशी मोटर बसवली. 1996च्या मर्सिडीझ एसएलकेने घडीचा धातूचा टप पुन्हा लोकप्रिय केला. बिजागऱ्यांपाशी रबराचे सांधे मात्र त्यातही राहिलेच.

जुन्या गाडीत नुसतं नवं रबर बसवून भागत नाही. ते जाड आणि ताठ असतं, त्यामुळे दाराच्या आतल्या स्क्रूंनी काचेचा कल आणि उंची पुन्हा लावावी लागते. काच आणि रबर यांच्यात कागदाची पट्टी धरून ओढली की ती जिथे सहज सुटते तिथे दाब कमी आहे हे कळतं. दुसरी युक्ती म्हणजे बाहेरून एकेका सांध्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालवून बघायची. कुठली पट्टी लावल्यावर शीळ थांबते ते लगेच ऐकू येतं. सगळे सांधे बंद करूनही आवाज तसाच राहिला, तर मग कापडाला आणि त्याच्या ताणाला हात घालावा.