आयपी पत्ता आणि सबनेट मास्क

संगणक, प्रिंटर किंवा सीसीटीव्ही कॅमेरा नेटवर्कला जोडताना त्याच्या सेटिंगमध्ये भराव्या लागणाऱ्या दोन संख्या. आयपी पत्ता उपकरणाची ओळख सांगतो. त्या पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा आणि किती उपकरणाचा, हे सबनेट मास्क ठरवतो. पत्ता सगळेच जपून भरतात, मास्ककडे मात्र दुर्लक्ष होते. खरे तर मास्कशिवाय पत्ता अर्धवटच असतो.

सर्रास वापरात असलेला आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) असतो. तो आठ-आठ बिटांच्या चार गटांत, १९२.१६८.१.२० असा लिहितात. प्रत्येक गटात ० ते २५५ यांपैकी एक संख्या. नेटवर्कचा भाग कुठे संपतो, हे नुसता पत्ता पाहून कळत नाही. लँडलाइनचेही तसेच आहे: पुण्याचा एसटीडी कोड ०२०, साताऱ्याचा ०२१६२. सुरुवातीचे शून्य सोडले तर दोन्हीकडे एकूण आकडे दहाच, पण कोड लांब झाला की स्थानिक क्रमांकाला आकडे कमी उरतात. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ पहिले २४ बिट नेटवर्कचे, उरलेले ८ उपकरणांचे. म्हणूनच तो /२४ असाही लिहितात. आठ बिटांत २५६ पत्ते बसतात. त्यांतला पहिला नेटवर्कसाठी आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सगळ्यांना एकदम संदेश पाठवण्यासाठी राखीव, म्हणून वापरायला २५४ मिळतात.

पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवण्यापूर्वी उपकरण स्वतःचा पत्ता आणि समोरचा पत्ता मास्कबरोबर बिटागणिक ताडून पाहते. दोन्हींचा नेटवर्क भाग सारखा निघाला तर एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून उपकरणाचा मॅक (हार्डवेअरचा) पत्ता शोधण्याच्या पद्धतीने, थेट विचारणा होते. वेगळा निघाला तर पॅकेट गेटवेकडे, म्हणजे बहुधा राउटरकडे जाते.

उदाहरणार्थ, संगणक १९२.१६८.१.२०, कॅमेरा १९२.१६८.१.२००, राउटर १९२.१६८.१.१. संगणकाचा मास्क २५५.२५५.२५५.०, पण कॅमेऱ्यात २५५.२५५.२५५.१२८ पडला आहे. आता कॅमेऱ्याच्या लेखी त्याचे नेटवर्क शेवटच्या गटात १२८ ते २५५ एवढेच. संगणकाचे पॅकेट कॅमेऱ्यापर्यंत व्यवस्थित पोहोचते. उत्तर देताना मात्र कॅमेऱ्याला २० हा पत्ता बाहेरचा वाटतो आणि गेटवेचा १ हा पत्ताही हद्दीबाहेरच पडतो. उत्तर निघतच नाही. संगणकाच्या एआरपी तक्त्यात कॅमेऱ्याचा मॅक पत्ता बहुधा दिसतो, तरी पिंग ही जोडणी तपासणारी आज्ञा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणते. अशा वेळी केबल बदलण्यात वेळ घालवण्याआधी दोन्हीकडचे मास्क पाहावेत.

१९८१ च्या मूळ मानकात मास्क नव्हता. पत्त्याच्या सुरुवातीवरूनच ए, बी, सी हे वर्ग ठरत. बी वर्गाचे नेटवर्क ६५ हजारांहून अधिक पत्त्यांचे, तर सी वर्गाचे जेमतेम २५४ उपकरणांचे. मधला पर्यायच नसल्याने मोठ्या संस्थांकडे पत्ते पडून राहत. १९८५ मध्ये सबनेटची पद्धत प्रमाणित झाली आणि १९९३ मध्ये सीआयडीआर ही वर्ग न मानणारी पद्धत आल्यावर हद्द हव्या त्या बिटावर ओढता येऊ लागली. तरीही ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ हून जास्त पत्ते बसत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असून तिथे मास्कऐवजी /६४ सारखी लांबीच लिहितात.

घरात आणि कार्यालयात दिसणारे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत, राउटर त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता लावतो. उपकरणावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपोआप आलेला दिसला, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही असे समजावे. प्रिंटर, डीव्हीआर यांना स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी देताना तो राउटरच्या डीएचसीपी कक्षेबाहेरचा निवडावा, नाहीतर तोच पत्ता उद्या एखाद्या मोबाइलला मिळून दोघांची टक्कर होते.