थोरली कास, धाकटी कास

मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत ‘बलुतेदार’ शब्द काढून बघा. गावाची कामं करून सुगीत धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, घेणारे हे बारा जण तिथे तीन ओळींत, म्हणजे कासांत, बसवलेत. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या कासेत भट, मुलाणा, गुरव, कोळी. ज्याच्या पाया पडायचं तो भट शेवटच्या ओळीत आणि ज्याचा विटाळ मानायचा तो महार पहिल्या!

ही ओळ खळ्यावरची. कास दुभत्या जनावराची. कुणबी ही गाय आणि तिला लुचणारं सगळं गाव. सुगीत कुणाला किती धान्य द्यायचं हे, शेताचं त्याच्यावाचून किती अडतं यावर ठरे. सुतारानं पाभर जोडली नाही, लोहारानं फाळाला धार लावली नाही, मांगानं विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मोटेचा नाडा वळला नाही, तर पेरणी नि पाणी दोन्ही खोळंबतात. पूजेला दोन दिवस उशीर झाला म्हणून ज्वारी उगवायची थांबत नाही. ओळी गावोगाव थोड्या बदलत. काही याद्यांत चांभार थोरल्या कासेत दिसतो. कातड्याची मोट तोच शिवायचा, त्यामुळे असेल.

महाराच्या कामाला तर मोजमापच नव्हतं. वेस राखायची, सारा कचेरीत पोचवायचा, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. शिवेचा तंटा पडला की खूण कुठं आहे ते त्यालाच विचारत. पाणी मात्र त्याला गावच्या विहिरीवर शेंदता येत नसे.

म्हणजे उतरंडी दोन होत्या, एक धान्याची आणि एक विटाळाची. पहिलीतल्या वरच्या जागेनं दुसरीत रेसभरही चढता आलं नाही, कारण बलुतं गावाच्या हातून यायचं. तोंड उघडलं की ते बंद. 1874 च्या वतन कायद्यानं, म्हणजे पिढीजात गावकामाच्या कायद्यानं, महाराची हीच चाकरी पक्की केली होती. तो बदलण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं; काम सरकारचं, राबायचं सगळ्या घरानं आणि पोट गावाच्या मर्जीवर, ही त्यांची तक्रार. ते विधेयक नंतर मागे घ्यावं लागलं. महार वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं.

पुढे विहिरींवर इंजिनं आली, मोट थांबली, नाडाही कुणाला लागेना. खळ्यावरची ओळ मोडली. महारवाडा-मांगवाडा मात्र बहुतेक गावांत होता तिथेच राहिला, गावकुसाबाहेर.