कारवार किनाऱ्यावरील मच्छीमार समाज आणि बेळगावचा मासळी बाजार

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात गोव्याच्या हद्दीवरील माजाळीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारी करून राहणारे समाज, त्यांचा धंदा आणि राहणीमान यांविषयीची ही नोंद आहे. बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही सीमाभागातील मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव आणि कारवार ही नावे १९५६ पासून जोडीनेच येतात. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात येणारा माल कारवार, गोवा आणि सिंधुदुर्ग या किनाऱ्यांवरून घाट चढून येतो. सीमाभाग महाराष्ट्रात यावा या मागणीच्या घोषणेतले कारवार सर्वांना पाठ असले तरी तिथे जाळे कोण ओढते, याची विचारपूस घाटावर फारशी होत नाही.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगावबरोबरच म्हैसूर राज्यात गेला. मुंबई इलाख्याच्या काळात कारवार, सदाशिवगड भागात मराठी ही शाळेची, भजनाची आणि पत्रव्यवहाराची भाषा होती. घरात मात्र कोकणीच बोलत असत आणि आजही बोलतात. मच्छीमारांत गाबीत, खारवी, हरिकंत्र, अंबिग आणि मुसलमान दालदी असे वेगवेगळे समाज आहेत. गाबीत स्वतःला मराठा आरमाराशी जोडतात, आणि त्यांची सोयरीक गोव्यातील काणकोण व सिंधुदुर्गापर्यंत पोहोचते. नकाशावरच्या राज्यसीमांनी या नातेसंबंधांना फारशी अडचण आणलेली नाही. शाळेच्या भाषेने मात्र आणली. आजी मराठी पोथी वाचते, नातू कन्नडमधून परीक्षा देतो आणि दोघे भांडतात कोकणीत.

या किनाऱ्याची जुनी ओळख म्हणजे रापण. हे प्रचंड लांबीचे ओढजाळे होडीतून अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके वाळूवर धरून माणसे ते किनाऱ्याकडे ओढत आणतात. मोठ्या रापणीला ऐंशी-शंभर माणसे लागत. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग गडद होतो, वर पक्षी घिरट्या घालू लागतात, आणि हे ओळखणाऱ्या जाणत्या माणसाच्या हाकेवर वाडीच्या वाडी धावत सुटे. जाळे कोणा एकाच्या मालकीचे नसे. ज्यांनी जाळ्याचे तुकडे विणून दिले, होडी दिली, अंगमेहनत केली, त्या सगळ्यांचे हिस्से ठरलेले असत. देवळासाठी वेगळा हिस्सा निघे. दोरीला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही घरच्या कालवणापुरते मासे मिळत. या व्यवस्थेला फार गोंजारण्याचे कारण नाही, कारण तिच्यातही मोठ्या हिश्श्याची घरे आणि नुसती ओढणारी घरे असा भेद होताच. पण पकड वाडीच्या डोळ्यांसमोर वाळूवर पडत होती आणि तिची वाटणीही तिथेच होत होती.

१९७५ च्या सुमारास मंगळूरकडून पर्ससीन, म्हणजे थव्याला गोल घेरून खालून आवळायची जाळी आली आणि हे चित्र काही वर्षांतच पालटले. यांत्रिक बोट थव्याला किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच खोल पाण्यात घेरते, त्यामुळे वाळूवर थांबलेल्याच्या वाट्याला काही उरत नाही. रापणीवाल्यांपैकी ज्यांना बँकेचे कर्ज मिळाले ते बोटींचे भागीदार झाले. बाकीचे खलाशी झाले किंवा लहान होड्यांकडे वळले. कर्नाटक सागरी मासेमारी नियमन कायदा १९८६ चा आहे. त्याचा हेतू किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक होड्यांसाठी राखण्याचा आहे, पण रात्री ट्रॉलर (मागे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी) आत येतात ही तक्रार दर हंगामात नव्याने होते. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी 'लाइट फिशिंग'वरून भांडणे थांबलेली नाहीत, आणि ती केवळ गरीब विरुद्ध श्रीमंत अशी नाहीत. पर्ससीनवाले आणि ट्रॉलरवालेही एकमेकांवर बोट दाखवतात.

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. कमी अश्वशक्तीचे इंजिन बसवलेल्या लहान होड्यांना सूट आहे, मात्र पावसाळी लाटांत त्या किती दिवस बाहेर पडू शकतात हा प्रश्नच आहे. या काळासाठी बचत-नि-मदत योजना आहे. तीत मच्छीमाराने वर्षात १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालते, आणि हे ४,५०० रुपये बंदीच्या महिन्यांत हप्त्याने परत मिळतात. एका कुटुंबाचा दोन महिन्यांचा किराणाही त्यात भागत नाही, म्हणून जूनच्या आधी व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते आणि ती पुढच्या मासळीतून फेडली जाते.

इथे घाटावरच्या पंचांगाचा संबंध येतो. बोटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समुद्रात जातात आणि साधारण त्याच सुमारास श्रावण लागतो किंवा लागलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीतील मराठी घरांत मासे बंद होतात, ते बहुतेक ठिकाणी गणपती जाईपर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत किनाऱ्यावर माल भरपूर असतो, नेमके तेव्हाच सीमाभागातले गिऱ्हाईक पाठ फिरवते. गोव्याची हॉटेले, केरळकडे जाणारे ट्रक आणि मासळीची भुकटी करणारे कारखाने हा माल उचलतात, आणि भुकटीच्या कारखान्यात बांगड्याला ताटातल्या बांगड्याचा भाव मिळत नाही. गणपती गेल्यावर बेळगावात पुन्हा गर्दी होते, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी विशेष. तिथे सौदा किलोवर चालतो. कारवारच्या बाजारात लहान मासळी अजून वाट्यावर, म्हणजे न तोलता ढीग लावून मिळते.

किनाऱ्यावरची किरकोळ विक्री जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हाती आहे. पहाटे बैतखोल बंदरावर लिलावात पेटी घ्यायची, बर्फ टाकायचा, टेंपोत जागा मिळवायची आणि दुपारपर्यंत माल संपवायचा, असा त्यांचा दिवस असतो. उरलेली मासळी मीठ लावून सुकवतात. एप्रिल-मे महिन्यांत वाळूवर खारवलेले बांगडे आणि सुकट पसरलेली असते; हीच मासळी पुढे आठवडे बाजारांतून घाटावर जाते आणि पावसाळ्यात भाकरीबरोबर तोंडी लावायला येते. काळी नदीच्या मुखाशी ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या आणि कालवे ही शिंपल्यांतली मासळी काढणे हेही अनेक घरांचे उत्पन्न आहे. त्याला भांडवल लागत नाही, पाठ मात्र जाते. पकडीचे आकडे बंदरावर मोजले जातात, त्यामुळे या कामाची नोंद सरकारी कागदांत क्वचितच दिसते.

समुद्राइतकाच मोठा प्रश्न जमिनीचा आहे. सीबर्ड नौदल तळाची पायाभरणी १९८६ मध्ये झाली आणि २००५ मध्ये तो आयएनएस कदंब या नावाने कार्यान्वित झाला. त्यासाठी बिणगा, अर्गे आणि परिसरातील गावे उठवण्यात आली. शेतकऱ्याला जमिनीची भरपाई मिळते. मच्छीमाराकडे सातबाऱ्यासारखा कागद समुद्राचा कुठून असणार? त्याची होडी ओढायची वाळू, जाळी वाळवायची जागा आणि अंजदीव बेटाच्या आसपासचे पाणी यांची किंमत कोणत्याच तक्त्यात बसत नव्हती. वाढीव भरपाईचे दावे वर्षानुवर्षे न्यायालयांत चालले. जानेवारी २०२० मध्ये कारवार बंदराच्या विस्ताराचे काम रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर सुरू होताच मच्छीमार रस्त्यावर उतरले, मासळी बाजार बंद राहिला आणि उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. शहरालगत होड्या लावायला हाच किनारा उरला आहे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन हंगामाची सुरुवात मानतात. पौष पौर्णिमेला कूर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा भरते आणि मच्छीमारांच्या होड्याच भाविकांची ने-आण करतात. २१ जानेवारी २०१९ रोजी या जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि प्रवासी संख्येवर कडक लक्ष ठेवले जाऊ लागले.

बेळगाव जिल्ह्यातही मच्छीमार आहेत, पण गोड्या पाण्यातले. कृष्णेच्या काठी चिकोडी आणि अथणी तालुक्यांत, तसेच घटप्रभेवरील हिडकल आणि मलप्रभेवरील नविलतीर्थ जलाशयांत भोई, कोळी, अंबिग समाजाचे लोक कातडी किंवा फायबरच्या गोल, टोपलीसारख्या होड्यांतून जाळी टाकतात. रोहू, कटला, मरळ, चिलापी हे त्यांचे मासे. त्यांचे दुखणे वेगळे आहे. पाणी सरकारचे, बीज सोडणे आणि मासे काढण्याचा हक्क ठेक्यावर किंवा सोसायटीकडे. ठेका बाहेरच्याने घेतला की काठावरचा माणूस आपल्याच नदीत मजूर ठरतो. अनुसूचित जमातीत समावेश करावा ही गंगामतस्थ, कोळी, अंबिग समाजांची मागणी जुनी आहे.

कारवारच्या यांत्रिक बोटींवर आता स्थानिक तरुण कमी दिसतात. शिकलेली मुले गोव्यात, आखाती देशांत किंवा व्यापारी जहाजांवर जातात आणि त्यांच्या जागी ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातील मजूर येतात. २०२० च्या टाळेबंदीत हे मजूर गावी परतले, तेव्हा डिझेल आणि परवाना असूनही खलाशी नाहीत म्हणून अनेक बोटी बंदरातच उभ्या राहिल्या.