पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही

यवतमाळ, वर्धा किंवा अमरावती जिल्ह्यातील कपाशी पिकवणाऱ्या घरात फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर बरेच काही लागलेले दिसते. त्यात फवारणी पंपाचा चार्जर असतो, घरातले दोन-तीन मोबाइल असतात, राखणीला जाताना न्यायची बॅटरी (टॉर्च) असते आणि अलीकडे वायफायचा राउटरही असतो. लाइट आहे तोवर सगळे भरून घ्यायचे या घाईत चार्जरांची अदलाबदल होते, आणि पिन नीट बसली व दिवा लागला की काम झाले असे धरून चालले जाते. मोबाइलच्या बाबतीत हे गृहीतक बहुतेक वेळा खपून जाते; पंपाच्या बाबतीत मात्र त्याची किंमत हजार-दीड हजारांच्या बॅटरीने मोजावी लागू शकते. हा फरक का पडतो, हे चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या दोन ओळींवरून बरेचसे कळते.

पहिली ओळ इनपुटची. मोबाइलच्या बहुतेक चार्जरांवर तिथे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असते. आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे तो या टप्प्यात येतो. डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी दाब १६० व्होल्टपर्यंत उतरला, तर पंखा रेंगाळतो. मोबाइल मात्र नेहमीच्याच वेगाने चार्ज होतो. याचे कारण असे, की आजचा चार्जर आलेल्या विजेला आधी एकदिश (डीसी) करतो, मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून ती चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला देतो आणि बाहेर पडणारा दाब सतत तपासून ती उघडझाप कमीजास्त करत राहतो. जुन्या, हातात जड लागणाऱ्या चार्जरांत ही सोय नव्हती. आत येणारा दाब घसरला की बाहेर पडणाराही घसरत असे.

कमी दाबाने असा चार्जर सहसा बिघडत नाही. त्याला मारक ठरतो तो चढा दाब. डीपीवर न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, की तीन फेजवर वाटलेल्या घरांतील दाबाचा तोल जातो, आणि ज्या फेजवर भार कमी असतो तिथला दाब चढत चढत ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. चार्जरच्या आत एकदिश झालेली वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो आणि त्याची सहनशक्ती सामान्यतः ४०० व्होल्ट असते. २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे शिखर, म्हणजे सतत वरखाली होणाऱ्या दाबाचे सर्वांत वरचे टोक, मुळातच ३२५ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे तेवढे तो सहज पेलतो. पण पुरवठाच ४०० झाला तर शिखर ५६५ च्या पुढे जाते आणि कपॅसिटर फुटतो. गावात एका रात्रीत अनेक घरांचे चार्जर, टीव्ही आणि एलईडी दिवे एकदम जातात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलकडची बाजू यांच्यात सर्किट बोर्डावर पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा राखलेली असते, म्हणून चार्जर मेला तरी मोबाइल आणि तो धरणारा हात सहसा वाचतो. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये नेमकी हीच जागा चोरलेली असण्याचा धोका असतो. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेल्या चार्जरवर मानकाच्या क्रमांकाबरोबर आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होणारे हे काम आहे. ते फार थोडे ग्राहक करतात.

दुसरी ओळ आउटपुटची, आणि खरा घोळ इथे होतो. ५ व्होल्ट २ अँपिअर असे लिहिले असेल, तर पहिला आकडा दाबाचा आणि दुसरा प्रवाहाचा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे १० वॅट शक्ती. या दोन आकड्यांचा अर्थ मात्र सारखा नाही. व्होल्टचा आकडा म्हणजे चार्जर जे देतोच ते, आणि अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त जे देऊ शकतो ते. गिरणीची मोटर तासाला पन्नास किलो दळू शकत असली, तरी आपण डब्यात नेलेले पाच किलोच दळून मिळतात. त्याचप्रमाणे ५ अँपिअरच्या चार्जरला १ अँपिअर मागणारे उपकरण जोडले, तर १ अँपिअरच वाहतो. म्हणून मूळ चार्जरपेक्षा जास्त अँपिअरचा चार्जर चालतो, कमी अँपिअरचा तापतो किंवा दमतो, आणि व्होल्ट मात्र जुळावेच लागतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अॅडाप्टर लावला, तर तो जळण्याची शक्यता असते. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा लावला, तर तो वारंवार बंद-चालू होत राहतो. दोन्हींची गोल पिन सारखीच असू शकते. शिवाय गोल पिनच्या आत धन टोक आहे की ऋण, हे अॅडाप्टरवरच्या वर्तुळ आणि ठिपक्याच्या छोट्या आकृतीत दाखवलेले असते, आणि तेही जुळावे लागते.

मग ६५ वॅटचा लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर मोबाइलला लावला तर मोबाइल का जळत नाही? त्याच्या पाठीवर तर ५, ९, १५ आणि २० असे चार-चार दाब लिहिलेले असतात. उत्तर असे, की टाइप-सीमध्ये वीज सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंत विचारपूस होते. मोबाइल जोडला गेला आहे हे चार्जरला मोबाइलमधल्या ५.१ किलोओहमच्या रोधामुळे (रेझिस्टरमुळे) कळते, तोवर तो पिनवर वीजच देत नाही. नंतर तो फक्त ५ व्होल्ट देतो, आणि मोबाइलने केबलमधल्या वेगळ्या तारेवरून मागणी केली तरच ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टवर जातो. ‘पॉवर डिलिव्हरी’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आधी १०० वॅटपर्यंत होती; २०२१ मध्ये तिची मर्यादा २४० वॅट झाली. शिवाय लिथियम बॅटरीत किती प्रवाह सोडायचा आणि ४.२ व्होल्टच्या आसपास कुठे थांबायचे, हे ठरवणारे सर्किट मोबाइलच्या आतच असते. काही कंपन्यांचे अतिजलद चार्जर मात्र स्वतःची वेगळी बोली वापरतात. अशा मोबाइलला दुसरा चार्जर लावला, तर तो सुरक्षित पण सावकाश चार्ज होतो.

चार्जर योग्य असूनही मोबाइल रडतखडत चार्ज होत असेल, तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. बाजारातल्या पातळ केबलमध्ये २८ गेजची तांब्याची तार असेल, तर एक मीटर लांबीच्या केबलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर तार होते आणि तिचा रोध साधारण ०.४३ ओहम भरतो. तिच्यातून २ अँपिअर वाहिले, की वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात आणि ५ पैकी जेमतेम ४.१५ व्होल्ट मोबाइलपर्यंत पोहोचतात. मोबाइल हे ओळखून प्रवाह कमी घेतो, इतकेच. तीच केबल २४ गेजची, म्हणजे जाड तारेची असेल (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), तर घट ०.३५ व्होल्टच्या आत राहते. टाइप-सीमध्ये ३ अँपिअरच्या वर जायचे असेल, तर केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप असावीच लागते. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो.

फवारणी पंपात यातले काहीही नसते. पाठीवरच्या नेहमीच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास साठवणक्षमतेची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते आणि तिच्याबरोबर १२ व्होल्ट १.७ अँपिअरसारखे आकडे लिहिलेला चार्जर येतो. हे १२ व्होल्ट म्हणजे केवळ बॅटरीच्या जातीचे नाव. चार्जर प्रत्यक्षात १४.४ व्होल्टच्या आसपास जातो आणि बॅटरी भरली की चांगला चार्जर १३.५ ते १३.८ वर उतरतो. आता त्या जागी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अॅडाप्टर लावला, तर काय होईल? भरलेली बॅटरी स्वतःच १२.७ व्होल्ट दाखवते, मग १२ व्होल्टचा अॅडाप्टर तिला वर चढवणार कसा? अर्धवट भरलेली बॅटरी रात्रभर जोडून ठेवली, तरी सकाळी अर्धवटच राहते. असे पुनःपुन्हा झाले, की शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त क्षाराचा कठीण थर बसतो, पंप दोन टाक्यांतच दम तोडतो आणि दोष पंपाला दिला जातो. उलट बाजूने, १९ व्होल्टचा लॅपटॉप अॅडाप्टर जुळवून लावणे म्हणजे बॅटरी उकळवणे होय. तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि बंद कोठीत ठिणगी पडली तर तो पेट घेतो. अशा बॅटरीच्या अंगावरच ‘सायकल यूज’ (रोज वापरून भरण्यासाठी) आणि ‘स्टँडबाय यूज’ (भरलेली जोडून ठेवण्यासाठी) असे दोन दाब आणि सुरुवातीच्या प्रवाहाची कमाल मर्यादा छापलेली असते; ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ती साधारण २.४ अँपिअर असते. मूळ चार्जर हरवला, तर कृषी केंद्रात पंपाची कंपनी सांगण्यापेक्षा हे आकडे वाचून दाखवणे अधिक उपयोगाचे ठरते.

आता लिथियमचे हलके पंपही आले आहेत आणि त्यांनी गुंता वाढवला आहे. लिथियम-आयनच्या तीन घटांचा (सेलचा) संच पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टवर थांबायला हवा, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार घटांचा १४.६ वर; आणि डब्यावर मात्र सगळीकडे १२ व्होल्टच लिहिलेले असते. जुन्या शिसे-आम्ल पंपाचा चार्जर तीन घटांच्या संचाला लावला, तर प्रत्येक घटावर ४.८ व्होल्टपर्यंत दाब पडू शकतो, जो ४.२ च्या मर्यादेच्या बराच वर आहे. आतले संरक्षक सर्किट शाबूत असेल तर ते जोडणी तोडते. ते नसेल किंवा निकामी झाले असेल, तर घट फुगतात आणि पेटूही शकतात. म्हणून एकाच घरात दोन्ही जातीचे पंप असतील, तर दोन्ही चार्जरांवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

उन्हाळ्याचा मुद्दा निराळा आहे, पण तो याच्याशी जोडलेला आहे. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची कमाल मर्यादा साधारणपणे ४५ अंश सेल्सिअस धरली जाते, आणि मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीत सावलीतलाच पारा तिच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली दुपारी मोबाइल चार्ज होणे बंद झाले, तर तो बिघडलेला नसतो. त्याच्या आतले सर्किट मुद्दाम थांबलेले असते. पंपाच्या शिसे-आम्ल बॅटरीत असे थांबवणारे कोणीच नसते, त्यामुळे ती पहाटे किंवा रात्री, हवेशीर जागी चार्ज केलेली बरी.

पंप टिकत नसेल, तर नवा चार्जर घेण्याआधी बॅटरी तपासावी. दीड-दोनशे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरने हे घरीच करता येते. रात्रभर चार्ज करून चार्जर काढावा, तीन-चार तासांनी बॅटरीचा दाब मोजावा. १२.७ च्या जवळ आकडा आला आणि तरीही पंप लवकर थांबत असेल, तर बॅटरीची साठवणक्षमता गेली आहे. आकडा १२.२ च्या आसपास असेल, तर चार्जर पुन्हा जोडून तो चालू असतानाच बॅटरीच्या टोकांवर मोजावे: तिथे दोन-तीन तासांनंतरही दाब १३ च्या वर चढत नसेल, तर आधी दुसऱ्याच्या त्याच जातीच्या चार्जरने पाहावे, कारण दोष चार्जरचा आहे की एखाद्या मेलेल्या घटाचा, हे त्यावरूनच ठरते.